पहिल्या स्कॅनला नसलेलं पीक

ज्वारीच्या कोंड्यातलं फेरुलिक आम्ल इलेक्ट्रोडवर मोजायचं, हे आमचं त्या वर्षीचं काम होतं. १८६६ साली हे आम्ल पहिल्यांदा वेगळं केलं गेलं ते हिंगातून. पण धान्यांच्या कोंड्यातही ते भरपूर असतं, पेशीभित्तिकेतल्या शर्करासाखळ्यांना एस्टर बंधानं घट्ट चिकटलेलं. अल्कली घालून सोडवल्याशिवाय ते हाती लागत नाही. कोंड्याकडे वळण्याआधी शुद्ध आम्लाचे आलेख नीट काढून ठेवावेत, म्हणून एम.एस्सी.च्या प्रकल्पाला आलेल्या मुलीला मी सीव्हीवर बसवलं होतं. सीव्ही म्हणजे सायक्लिक व्होल्टॅमेट्री: इलेक्ट्रोडवरचं व्होल्टेज ठरावीक वेगानं चढवायचं, उतरवायचं आणि करंट कसा बदलतो ते बघायचं. अशी एक फेरी म्हणजे एक स्कॅन, आणि आलेखात करंट जिथे उंच उठतो ते शिखर म्हणजे पीक.

थोड्या वेळानं तिची हाक आली, "ताई, हे बघा ना. पहिल्या स्कॅनला हे पीक नव्हतं, आता आलंय."

पहिला स्कॅन अगदी अपेक्षेसारखा होता. चढताना ऑक्सिडेशनचं एक मोठं पीक, आणि उतरताना त्याच्या खाली काहीच नाही. म्हणजे जे बनलं ते परतलं नाही, कशात तरी बदलून गेलं. दुसऱ्या स्कॅनला मात्र मोठ्या पीकच्या सुमारे ०.२ व्होल्ट अलीकडे एक लहान पीक उभं होतं, आणि त्याची उलटी जोडी बरोबर खाली. मोठं पीक आधीपेक्षा लहान झालं होतं, ते इलेक्ट्रोडवर चढलेल्या थरामुळे.

पहिला संशय अर्थातच अशुद्धीचा. पण अशुद्धी पहिल्या स्कॅनलाही दिसली असती. तरी ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड ०.०५ मायक्रॉनच्या ॲल्युमिनावर आरशासारखा होईपर्यंत घासला, नुसत्या ॲसिटेट बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात, फेरुलिक न घालता चालवला. रेघ सपाट. मग तिला म्हटलं, "आता मोठं पीक यायच्या आधीच स्कॅन मागे फिरव." तिनं फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला. लहान जोडी आलीच नाही. मर्यादा वर नेऊन मोठं पीक ओलांडू दिलं, की पुढच्याच फेरीत ती हजर! जे काही जन्माला येत होतं, ते मोठ्या पीकवर, आमच्या डोळ्यांदेखत येत होतं.

कपाटात कॅफेइक आम्ल होतं. त्याच्या बेंझिन वलयावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात; फेरुलिकमध्ये त्यातल्या एकाच्या जागी मेथॉक्सी असतो, एवढाच दोघांत फरक. त्याची सीव्ही काढून आधीच्या आलेखावर ठेवली. लहान जोडी नेमकी तिथेच बसली.

म्हणजे मेथॉक्सी गट गेला होता. पण खोलीच्या तापमानाला, साध्या बफरमध्ये? हा बंध इतका सहज तुटत नाही, म्हणून प्रश्न घेऊन गणनेचं काम बघणाऱ्या सहकाऱ्याकडे गेले. त्यानं डीएफटीनं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून रेणूचं गणित मांडणाऱ्या पद्धतीनं, पाण्याच्या माध्यमात रेणूच्या रचना आधीच काढून ठेवल्या होत्या. दोन इलेक्ट्रॉन आणि फिनॉलचा प्रोटॉन काढल्यावर उरणारा धनभारित रेणू त्यानं पडद्यावर फिरवून दाखवला. "बघ, मेथॉक्सी ज्या कार्बनवर आहे तो इलेक्ट्रॉनसाठी किती आसुसलाय." पाणी तिथेच येऊन जोडलं जाणार. मग एकाच कार्बनवर हायड्रॉक्सिल आणि मेथॉक्सी दोन्ही, आणि असा सांधा फार टिकत नाही. मिथेनॉल सुटून जातं, मागे ऑर्थो-क्विनोन राहतं, म्हणजे वलयावर शेजारी-शेजारी दुहेरी बंधानं जोडलेले दोन ऑक्सिजन असलेलं संयुग. व्होल्टेज उतरताना त्याला दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन मिळाले की झालं कॅफेइक आम्ल. मेथॉक्सी तोडायला ताकद लावावी लागत नाही, आधी इलेक्ट्रॉन काढून घेतले की पुढचं काम पाणी करतं. मला रसायनशास्त्र आवडतं ते अशा जागांसाठी.

त्याची आकडेमोड आणखी एक गोष्ट सांगत होती. एकच इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन गेला, तर एकटा इलेक्ट्रॉन असलेला मूलक उरतो, आणि त्याची स्पिन घनता, म्हणजे त्या एकट्या इलेक्ट्रॉनचा वावर, वलयापुरती राहत नाही, शेपटीतल्या दुहेरी बंधाच्या कार्बनवरही पसरते. असे दोन मूलक भेटले की त्यांचा जोडरेणू, म्हणजे डायमर बनतो. वनस्पतीही पेशीभित्तिकेतल्या साखळ्या एकमेकींना अशाच डायफेरुलिक पुलांनी बांधते. मग द्रावण पातळ केलं तर? मूलक एकमेकांना कमी भेटतील, पाणी मात्र तेवढंच राहील. लहान जोडीचा वाटा वाढायला हवा.

संध्याकाळी लॅब रिकामी होत आली होती, पण ती मुलगी घरी जायला तयार नव्हती. पातळ केलेल्या द्रावणातून नायट्रोजन सोडला, इलेक्ट्रोड पुन्हा घासला, रन लावला. मोठं पीक खाली आलं, अपेक्षेप्रमाणे. लहान जोडी मात्र त्याच्या मानानं ठळक झाली. आणखी पातळ केलं, आणखी ठळक. "ताई, त्या दादांनी सांगितलं तसंच झालं!" ती मोठ्यानं म्हणाली. दोन्ही बाजू इतक्या स्वच्छ जुळताना मी फार कमी वेळा पाहिल्या आहेत.

याचा परिणाम थेट कोंड्याच्या कामावर झाला. ऑक्सिडेशनच्या पीकवरून नमुन्याची अँटीऑक्सिडंट क्षमता काढायची पद्धत आहे, आणि जितक्या कमी व्होल्टेजला पीक, तितकं संयुग इलेक्ट्रॉन द्यायला तत्पर मानतात. दुसरा स्कॅन हिशेबात धरला असता, तर ज्वारीच्या नावावर आम्ही असं कॅफेइक आम्ल लावलं असतं जे तिच्यात नव्हतंच, इलेक्ट्रोडनं बनवलेलं होतं. त्या रात्री वहीत नियम लिहिला: अर्काचा फक्त पहिला स्कॅन मोजायचा, आणि प्रत्येक मापनाआधी इलेक्ट्रोड नव्यानं घासायचा. दुसऱ्या स्कॅनचे आलेख वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. त्या मुलीच्या प्रकल्पाचा विषय पुढे तोच झाला.