पावसाच्या आलेखांची वही: याकुत्स्क झालं, सोलापूर परत काढलं

मंडळी, दिवाळीनंतर काहीच टाकलं नव्हतं, पण गेल्या तीन रविवारी बसून मनौस (ब्राझीलमधलं ॲमेझॉनच्या जंगलातलं शहर), रोम, केपटाऊन आणि याकुत्स्क (रशियातल्या सायबेरियातलं) या चार शीट संपवल्या, आणि सोलापूरची जुनी शीट बाजूला ठेवून नवीन काढली.

नवीन कोणी असेल त्यांच्यासाठी, ही हाइनरिख वॉल्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची पद्धत. आलेखाच्या कागदावर बारा महिने आडवे, एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला पाऊस, आणि १० अंशाला जेवढी जागा तेवढीच २० मिमीला. पावसाची रेघ तापमानाच्या खाली गेली की कोरडा काळ, तिथं मी लाल ठिपके भरतो, वर असेल तिथं निळ्या उभ्या रेघा.

मनौसला निळी पेन्सिल निम्मी झिजली. केपटाऊन मात्र दोनदा काढावं लागलं, कारण दक्षिण गोलार्धातलं शहर जुलैपासून सुरू करायचं असतं म्हणजे उन्हाळा मधोमध येतो, आणि मी सवयीनं जानेवारीपासून धरलं तर लाल ठिपके दोन टोकांना गेले. नीट काढून रोमशेजारी लावलं तर दोघं भावंडं वाटतात, उन्हाळा कोरडा आणि पाऊस थंडीत, म्हणूनच दोन्हीकडं जाड चिवट पानांची झुडपं.

आता याकुत्स्क. वर्षाला पाऊस नि बर्फ मिळून साधारण २४० मिमी, म्हणजे आपल्या निम्म्याहूनही कमी, आणि तरी तिथं सूचिपर्णी लार्चचं जंगल उभं आहे आणि आपल्याकडं गवताचा माळ! मी दोन दिवस हाच विचार करत होतो. मग हवामानाचे प्रकार पाडणाऱ्या कोपेनचं गणित मांडलं: पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत, म्हणजे आपल्याकडं एप्रिल ते सप्टेंबरमधे, पडत असेल तर कोरडेपणाची मर्यादा मिमीमधे म्हणजे वार्षिक सरासरी तापमान गुणिले २० अधिक २८०. सोलापूरला सरासरी २७ अंश धरली तर ८२० मिमी, त्याच्या आत पाऊस असेल तर कोरडा प्रदेश, आणि निम्म्याच्या म्हणजे ४१० च्याही खाली गेला तर वाळवंट. आपण या दोन आकड्यांच्या मधे बसतो, म्हणून निमशुष्क गवताळ. याकुत्स्कची सरासरी शून्याच्या बरीच खाली, त्यामुळे तिथली मर्यादा जेमतेम १०० च्या आसपास येते, आणि पाऊस त्याहून बराच जास्त. थंडीत बाष्पीभवनच कमी, शिवाय खाली कायम गोठलेली जमीन, पाणी खोल मुरतच नाही, मुळांजवळच राहतं. आभाळातून किती पडलं यापेक्षा जमिनीत किती उरलं हे बघायचं, हे मला शीट काढल्यावरच खरं कळलं.

सोलापूर परत का काढलं तर मोहोळचे मामा घरी आले होते, भिंतीवरची शीट बघून म्हणाले, "अरे, जुलैत एवढा पाऊस? हे कोकणाचं दिसतंय. आपला खरा पाऊस उत्तरा नि हस्ताचा." तपासलं तर जुलै आणि सप्टेंबरचे आकडे उतरवताना अदलाबदल झालेली. आता शिखर सप्टेंबरला आलंय आणि सगळं जुळतंय बघा, सप्टेंबरचा पाऊस काळ्या भारी जमिनीत मुरतो, त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते, आणि नोव्हेंबरपासून मे संपेपर्यंत लाल ठिपकेच ठिपके. जिथं मुरमाड जमीन आहे तिथं ओल टिकत नाही म्हणून तिथं कुसळी, पवन्या असलं गवत. नान्नजचा माळ तसाच आहे, तिथं काळवीट आहेत, माळढोकसाठी अभयारण्य झालं तेही त्या गवतामुळंच. अशा माळाला पडीक म्हणून तिथं झाडं लावतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, ते काही उजाड झालेलं जंगल नाही, मुळातच गवताचं रान आहे.

पुढची शीट चिलीतलं आरिका, तिथं पावसाची रेघ जवळजवळ तळालाच चिकटून जाणार. आणि बार्शी, अक्कलकोट, करमाळ्याकडं कोणाच्या घरी आजोबांनी रोजचा पाऊस लिहून ठेवलेल्या वह्या असतील तर कळवा, मी येऊन उतरवून घेतो, वही घरातच राहील.