हाती-हाती! लंगकावीचे चढ, उतार आणि मी

मलेशियातल्या लंगकावी बेटावर, दाताईच्या जंगलातल्या उतारावर एक पोरगा उभा होता, अंगात व्हॉलंटियरचा टीशर्ट, एका हातात झेंडा, आणि दुसरा हात खाली दाबत दाबत जिवाच्या आकांताने ओरडत होता, "हाती-हाती! हाती-हाती!" आणि मला खरंच वाटलं की पुढे रस्त्यात हत्ती आलाय. हसू नका, सकाळपासून पावणेदोन तास समुद्रात आणि मग उन्हात सायकलवर घालवले की डोकं एवढंच चालतं. मी दोन्ही ब्रेक असे आवळले की मागचं चाक सरकलं, मागून येणारे एक काका काहीतरी पुटपुटत बाजूने निघून गेले, वळण संपलं, हत्ती काही दिसला नाही.

तर ही आयर्नमॅन मलेशियाची गोष्ट. ३.८ किमी पोहायचं, १८० किमी सायकल, आणि त्यावर अख्खी मॅरेथॉन, ४२.२ किमी, सगळं मिळून १७ तासांत. वय ४६, दोन गुडघे, त्यातला एक कुरकुरणारा. सगळ्यांनी मला एकच गोष्ट सांगून घाबरवलेलं, की बाई लंगकावीला फार चढ आहेत. आता चढाचं मला काही वाटत नाही. चढावर फार तर काय होतं, हळू जाता, धापा टाकता, बारीक गिअर टाकून रडत रडत का होईना पण पोचता. माझा प्रॉब्लेम उतार आहे. चार वर्षांपूर्वी एका ओल्या उतारावर आपटून कॉलरबोन मोडून घेतलं, तेव्हापासून उतार दिसला की बोटं आपोआप ब्रेकवर जातात. ग्रुपमधले सगळे घाट उतरून चहा पिऊन, बिल देऊन, उठायच्या बेतात असतात तेव्हा मी पोचते. आमचे सर सांगून सांगून थकले, ब्रेक वळणाच्या आधी मार, वळणात नको, बाहेरचा पाय खाली ठेव, नजर चाकाकडे नको, वळण जिथे संपतंय तिथे ठेव. कळतं सगळं. वळण आलं की वळत नाही.

तीन दिवस आधी पोचलो, मी, नवरा आणि सायकलची ती अवाढव्य पेटी. बेट मलेशियाच्या पार वायव्य टोकाला, केदाह राज्यात, वर लगेच थायलंडची हद्द. नाव म्हणे घारीवरून पडलंय, हेलांग म्हणजे घार किंवा गरुड आणि कावी म्हणजे तांबडा दगड. कुआह गावात जेट्टीजवळ १२ मीटर उंच गरुडाचा पुतळा आहे, सगळे जण तिथे फोटो काढतात, आम्हीही काढला. पण गंमत म्हणजे हा पक्षी आपली ब्राह्मणी घारच आहे, तांबूस पाठ आणि पांढरं डोकं, कोकणात बंदरावर मासळीभोवती फिरते तीच. एवढ्या लांब येऊन ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

नवऱ्याला साइटसीइंग करायचं होतं आणि मला पाय वर करून पडायचं होतं, शेवटी अर्धा दिवस तडजोड केली. महसुरीची समाधी पाहिली. खोट्या आळावरून मारलेली बाई, मरताना तिचं रक्त पांढरं निघालं आणि तिने बेटाला सात पिढ्यांचा शाप दिला अशी दंतकथा. त्यानंतर सयामी सैन्य आलं, तेव्हा गावकऱ्यांनी शत्रूच्या हाती लागू नये म्हणून स्वतःचा तांदूळ जाळला, ती जागाही पाडांग मातसिराटला दाखवतात. १९८७ मध्ये बेट ड्यूटी फ्री झालं आणि भरभराट सुरू झाली, त्यामुळे आता लोक म्हणतात शाप संपला. मी मनातल्या मनात हात जोडले आणि म्हटलं, ताई, सात पिढ्या झाल्या असतील तर रविवारी नाही पण शनिवारी एक दिवस सांभाळून घे, माझी रेस आहे.

इथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, पण सूर्याला ते माहीत नाही. सात वाजले तरी अंधारच. पांताई कोकच्या किनाऱ्यावर शेकडो लोक हेडलॅम्प लावून टायरमध्ये हवा भरतायत, टॉयलेटच्या रांगा, कोणी केळं खातंय, कोणी ओकतंय. पाणी २४.५ अंशाच्या वर असलं की वेटसूट चालत नाही, आणि इथे तर पाणी गिझर लावून ठेवल्यासारखं कोमट, त्यामुळे वेटसूटने मिळणारं फुकटचं तरंगणं विसरा. रोलिंग स्टार्ट होता, थोडेथोडे करून सोडत होते. पाणी गढूळ, स्वतःचा हात पुढे टाकला की कोपरापुढचा दिसत नाही. मधे कुठेतरी बारक्या जेलीफिशच्या गर्दीतून गेले असणार, मानेवर आणि बगलेत खाजकुयली लावल्यासारखं झालं, पण समुद्राच्या मधोमध खाजवणार कसं. श्वास घेताना डाव्या हाताला माचिनचांगचा डोंगर दिसायचा, त्यावर केबल कारची तार, खडक म्हणे ५० कोटी वर्षांहून जुना. त्याला काहीच घाई नव्हती. १ तास ४२ मिनिटांत बाहेर आले, माझ्यासाठी उत्तम.

आणि मग सायकल. ९० किमीच्या आसपासची एक चक्कर, अशा दोन. रस्ते सुरेख, कडेला भातशेतं, त्यात म्हशी, रबराची झाडं, मग कंपाऊंडवर रांगेत बसलेली माकडं जी प्रत्येकाच्या हातातल्या केळ्याकडे बघतायत. गावागावांत शाळेची पोरं टाळी द्यायला हात पुढे करून उभी, आज्या डोक्याला स्कार्फ बांधून झाकणं वाजवतायत. पाण्याच्या टेबलावर पोरं "आयर! आयर!" ओरडतात, मी पहिल्यांदा टायरकडे पाहिलं की हवा गेली का काय. आयर म्हणजे पाणी.

उकाड्याबद्दल थोडं लिहिते कारण आधी मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. तापमान ३१-३२ म्हणजे आपल्याला काय विशेष, मे महिन्यात याहून जास्त सोसतो आपण. पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं, नुसता वाहिला तर नाही. तो टपटप गळत राहतो, मीठ घेऊन जातो आणि अंग तापतच राहतं. तहान म्हणून नुसतं साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, ते उन्हापेक्षा वाईट. म्हणून दर अर्ध्या तासाला मिठाची कॅप्सूल, तासाला ६० ग्रॅम कार्ब, जेल, परत जेल, तिसऱ्या तासाला त्या गोड चिकट जेलचा असा कंटाळा येतो की कोणीतरी आंब्याचं लोणचं द्या असं ओरडावंसं वाटतं. काळ्या ट्रायसूटवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठल्या होत्या, नकाशासारख्या.

दाताईचा रस्ता बेटाच्या वायव्य कोपऱ्यात, दोन्ही बाजूंनी पावसाळी जंगल अंगावर येतं, रातकिड्यांचा आवाज करवतीसारखा. चढ एकच मोठा असा नाहीये, तोच वैताग. चढ, उतार, परत चढ, लय म्हणून लागत नाही, गिअर बदलून बदलून अंगठा दुखतो. पण चढलं सगळं, उभी राहून, बसून, शिव्या देऊन. आणि उतारावर तो हत्तीवाला प्रसंग. पुढच्या टेबलावर पाणी घेताना मी तिथल्या मुलीला विचारलं की ते हाती-हाती काय, तर ती हसत म्हणाली, "केअरफुल! केअरफुल!" म्हणजे तो बिचारा मला सांभाळून जा सांगत होता, आणि सांभाळून जाण्यात माझ्याइतकं तरबेज त्या रस्त्यावर कोणी नव्हतं.

पहिली चक्कर ३ तास ५५ मिनिटं. खूश होते. मग ११८ व्या किमीला मागचं चाक बसलं. केसाएवढी तार टायरमध्ये. ट्यूब बदलायची प्रॅक्टिस घरच्या हॉलमध्ये पंख्याखाली केलेली, इथे घामाने हात सटकतायत, टायर रिमवर चढेना. विमानात गॅसची नळकांडी नेता येत नाहीत म्हणून इथेच दोन विकत घेतलेली, पहिलं घाईत नीट बसवलं नाही आणि सगळा गॅस फुस्स करून हवेत, बोटं गारठली तेवढीच. दुसऱ्याने अर्धवट भरलं, उरलेलं बारक्या हातपंपाने. वीस मिनिटं गेली. रस्त्यापलीकडे एक माणूस घरासमोर खुर्ची टाकून बसला होता, त्याने उठून छत्री आणली आणि पूर्ण वेळ माझ्या डोक्यावर धरून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. तेरिमा कासिह, म्हणजे थँक्यू, म्हटलं, तेवढंच येत होतं.

इथून हिशोब सुरू झाला. पोहणं सुरू केल्यापासून साडेदहा तासांत सायकल संपवायची, नाहीतर बाहेर. थकल्यावर गणित करून बघा कधी, ३ आणि ४ ची बेरीज तीनदा केली तर तीन उत्तरं येतात. पण कसंही मोडलं तरी एक दिसत होतं, पहिल्या चकरेसारखं दाताईला ब्रेक आवळत उतरले तर जमणार नाही.

आणि पाऊस आला. म्हणजे कोणीतरी वरून बादली उपडी करावी तसा. माझ्या सायकलला जुने रिम ब्रेक, ओल्या रिमवर ते दाबले की आधी नुसतं पाणी पुसतात, चाकाचा एक फेरा वाया जातो आणि मग धरतात. रस्त्यावर पडलेली ओली पानं, पांढरे पट्टे तर साबण. तोच कॉलरबोन मोडलेला सीन, फक्त झाडं वेगळी. चढ संपला, पुढे रस्ता खाली वाकला आणि तो पोरगा तिथेच, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, "हाती-हाती!"

मी खरं सांगते, काही धैर्यबिर्य आलं नाही. पोटात गोळा होताच. फक्त एवढं केलं की हात खाली ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर घेतले, वळणाच्या बरंच आधी दोन-तीनदा हलके ब्रेक मारून रिम पुसून घेतली, बाहेरचा पाय खाली दाबला आणि चाकाकडे बघायचं नाही म्हणून मोठ्याने बोलत सुटले, "तिकडे बघ, तिकडे बघ, तिकडे बघ", वेड्यासारखी. वळण गेलं. मग दुसरं. तिसऱ्यात मागचं चाक पानावरून जरासं सटकलं, माझा जीव गळ्यापर्यंत आला, पण ते परत धरलं आणि तोवर मी पुढच्या चढाला लागलेसुद्धा होते, आणि उताराचा वेग घेऊन चढाला लागलं की अर्धा चढ फुकट मिळतो हे मला सायकल चालवायला लागून नऊ वर्षांनी कळलं. सर, सॉरी.

१० तास १८ मिनिटांना सायकल जमा केली. बारा मिनिटं हातात. तिथला दुसरा ट्रान्झिशन, म्हणजे सायकल सोडून पळायला तयार व्हायची जागा, मोठ्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, आत एसी, मी ओलीचिंब, दात वाजायला लागले आणि तरीही त्या खुर्चीवरून उठवेना. शेजारची बाई मोजे हातात घेऊन नुसती बघत बसली होती, मी तिला उठवलं का तिने मला, आठवत नाही.

मॅरेथॉनबद्दल काय लिहू. विमानतळाकडचा रस्ता आणि चेनांगचा किनारा, परत परत तेच. अंधार, बेडूक, बुटात पाणी, टाचेला फोड, काखेत घासून घासून सोलपटलेलं. बर्फ मिळाला की थोडा टोपीत, थोडा स्पोर्ट्स ब्रामध्ये. चालत, पळत, विजेच्या खांबापर्यंत पळायचं आणि पुढचा खांब चालायचं. नवरा चेनांगला रस्त्यात भेटला, "अगं, लेकीचा फोन येतोय सारखा, म्हणते आईचा डॉट हलत नाहीये." तिला सांग, म्हटलं, आईपण हलत नाहीये. घरी तेव्हा संध्याकाळचे साडेसात, ती बहुतेक जेवताना ॲप उघडून बसली असणार.

१६ तास २५ मिनिटं. किनाऱ्यावरच फिनिश, लाल गालिचा, कानठळ्या, निवेदकाने माझ्या आडनावाची अशी काही वाट लावली की मला वाटलं माझ्यामागून कोणी दुसरंच येतंय, वळून पाहिलं, त्यामुळे फिनिशच्या फोटोत माझी पाठमोरी मान आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या हॉटेलात नाश्ता खालच्या मजल्यावर. रोटी चनाई म्हणजे तिथला पराठा आणि तेह तारिक म्हणजे दुधाचा चहा, त्यांचा वास वरपर्यंत येत होता. जिना फक्त सोळा पायऱ्यांचा, मोजल्या मी. वर चढायला सांगितलं असतं तर चढले असते, पण उतरायला मांड्या तयारच नाहीत, पहिल्या पायरीवर पाय टाकला की गुडघा सोडून देतो. नवरा खाली उभा राहून व्हिडिओ काढतोय. शेवटी कठडा धरला, पाठ फिरवली आणि उलटी उतरायला लागले, एकेक पायरी. झाडू मारणाऱ्या मावशी थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, मनगटावरचा रेसचा पट्टा पाहिला आणि तोंडावर हात ठेवून हसत म्हणाल्या, "हाती-हाती!"