सर्वपित्रीची खीर

इंदुरातल्या रैनबसेऱ्याला, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्याला, वर्षात दोन वेळा जड जातं. जानेवारीत थंडीची लाट येते तेव्हा माणसं मावत नाहीत, आणि सर्वपित्री अमावास्येला अन्न मावत नाही. एमवाय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या अलीकडच्या एका रैनबसेऱ्याची व्यवस्था मी बघते. २०२५ची सर्वपित्री २१ सप्टेंबरला आली, त्यातून रविवार, म्हणजे नोकरदारही मोकळे. सकाळी सातपासून फोन सुरू. "दीदी, पचास लोगों का भोजन भेज रहे हैं." "ताई, सासऱ्यांच्या नावानं पंचवीस पानं करायची आहेत." मी प्रत्येकाला एकच विचारत होते, रात्री आठला आणाल का? कुणालाच जमत नव्हतं. पितरांची वेळ दुपारची.

त्या वर्षी गर्दी वाढायला आणखी एक कारण होतं. २०२५ उजाडता उजाडता शहरात भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवायचा आदेश लागू झाला, काही गुन्हे दाखलही झाले. त्या आदेशाबद्दल माझं मत आहे, पण ते इथं नको. झालं एवढंच की खजराना गणपतीबाहेर नाहीतर अन्नपूर्णा मंदिरापाशी पाकिटं वाटणारी मंडळी बिचकली, आणि कुठं दिलेलं चालतं याची चौकशी करत आमच्या दारापर्यंत आली. चांगलंच झालं. फक्त सगळी एकाच दिवशी आली.

आमच्याकडे मुक्कामाला असतात ते धार, झाबुआ, खरगोनकडून मजुरीला आलेले, एमवायमध्ये ज्यांचा पेशंट आहे ते नातेवाईक, आणि ज्यांचं घर सुटलंय असे म्हातारे. यातले मजूर सकाळीच चौकावर जाऊन उभे राहतात, नातेवाईक वॉर्डाबाहेर. दुपारी दीनदयाल रसोई या सरकारी भोजनालयात पाच रुपयांत थाळी मिळते, त्यामुळे दुपारची उपासमार तशी कमी. अडतं ते रात्री. मजूर आठला परततो, काम मिळालेलं असेल तर खिशात पैसे असतात, नसेल तर पाणी पिऊन झोपतो. आणि आमचे दाते दुपारी बारा ते तीन.

त्या दिवशी दोनपर्यंत स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पुऱ्यांच्या परातीवर पराती चढल्या होत्या. हॉलमध्ये जेमतेम पंधरा म्हातारी माणसं. त्यातल्या निम्म्यांना दात नाहीत, बऱ्याच जणांना साखरेचा त्रास, आणि समोर पुरी, बुंदी, खीर. एक आजी पुरी वरणात भिजत घालून दहा मिनिटं तिच्याकडे बघत बसल्या होत्या.

अडीचला रामबागेतली एक गाडी आली. सत्तरीच्या काकू, त्यांचा मुलगा आणि सून. डिकीतून उडदाचे वडे, गवारीची भाजी, कढी, आमसुलाची चटणी, पुऱ्या आणि जर्मनचं मोठं पातेलंभर तांदळाची खीर उतरली. वेलदोड्याचा वास हॉलभर. काकूंनी पातेल्यावरचं फडकं स्वतः सोडलं.

माझ्या शेजारी आमचे आचारीकाका उभे होते. ते इथलेच रहिवासी. आयुष्यभर लग्नामुंजींचे स्वयंपाक केले, मग हात थरथरायला लागला आणि कामं थांबली. त्यापुढची हकिगत ते सांगत नाहीत, मी विचारत नाही. त्यांना इथं आणायलाच किती दिवस लागले. जानेवारी २०२१ मध्ये इंदुरातल्या बेघर म्हाताऱ्यांना गाडीत भरून शहराबाहेर क्षिप्रेजवळ हायवेवर उतरवलं होतं. गावकऱ्यांनी हरकत घेतली, व्हिडिओ देशभर फिरला, मग त्यांना परत गाडीत चढवलं. तेव्हापासून रात्री फुटपाथशी कुठलीही गाडी थांबली की जुनी माणसं पथारी गुंडाळून चालायला लागतात. काकाही असेच दर वेळी चालायला लागायचे.

तर काकांनी डाव घेतला आणि खीर ढवळली नाही, नुसती कडेनं जरा सारली. पातेल्याच्या काठाला बारीक बुडबुडे धरले होते. त्यांनी डावाची पाठ मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवली.

"कोमट आहे. केली कधी?"

"पहाटे पाचला," काकू म्हणाल्या. "सोवळ्यात."

मग नैवेद्य, मग पान, मग कावळ्याची वाट बघणं, मग घरची पंगत, आणि मग झाकण घट्ट बांधून आमच्याकडे. साडेनऊ तास. काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाई, ही गेली."

आम्हाला अन्नसुरक्षेच्या प्रशिक्षणात घोकून घेतलं होतं, शिजलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम हवं नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड. मधला कोमटपणा म्हणजे जंतूंची चंगळ. दूध आणि भात एकत्र असले की जास्तच. भातातल्या एका जंतूचं विष तर पुन्हा उकळूनही जात नाही, म्हणून "गरम करून वाढा ना" हा तोडगाही बाद. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याबद्दल २०१९ पासून देशात वेगळे नियमच आहेत. पण हे सगळं सत्तरीच्या बाईला, तिच्या नवऱ्याच्या श्राद्धाच्या दिवशी, दारात उभं राहून सांगायचं कसं?

मी म्हटलं, "काकू, वडे, पुऱ्या, चटणी ठेवून घेते. भाजी आणि कढी आत्ता लगेच उकळून वाढते. खीर मात्र नाही घेता येणार."

"चाखून बघा तरी. आंबूस लागली तर सांगा."

"चाखून कळेपर्यंत उशीर होतो, काकू," काका म्हणाले. "वासही येत नाही आणि बाधते."

काकूंचा चेहरा उतरला, मग चढला. "पितरांच्या नावाचं अन्न दारातून परत? आणि इथं माणसं उपाशी असतात म्हणे!" मुलगा "आई, जाऊ दे ना" करत राहिला. सून गप्प होती, पण ती पुऱ्यांच्या परातींकडे बघत होती, हे माझ्या लक्षात आलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काका मात्र डाव खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "सकाळी पान वाढलंत? कावळा शिवला?"

"शिवला."

"मग मालकांचं मालकांना पोचलं. आता हे राहिलं ते आमचं. आणि आमच्यातलं आम्ही नको म्हणतोय."

काकू जरा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग पुढं येऊन बाकावर बसल्या आणि विचारायला लागल्या, तुम्ही कुठले, कुणाकडे स्वयंपाक केलात. कुठल्याशा मुंजीतल्या मठ्ठ्यावरून दोघांची बराच वेळ जुळवाजुळव चालली. जुळलं काहीच नाही, पण तेवढ्यात मुलानं पातेलं परत डिकीत ठेवलं.

सुनेनं विचारलं, "मग नक्की लागतं तरी काय?"

मी वही काढली. त्यात तिथ्या नाहीत, वार आहेत आणि वारापुढं फक्त रात्रीचा रकाना. चाळीस माणसांची मुगाची खिचडी म्हणजे तांदूळ आणि डाळ मिळून सहा किलो, अर्धा किलो तेल, थोडे कांदे-बटाटे. गॅस आहे, भांडी आहेत, काका आहेत. तिला खरं वाटेना. "रेशन मिळतं ना यांना?" मिळतं, काहींना. माणशी महिन्याला पाच किलो, आणि आता गावचं कार्ड कुठल्याही राज्यातल्या दुकानात चालतं. पण दगड-सिमेंटनं बोटं घासलेल्या मजुराचा अंगठा मशीन घेत नाही, आणि घेतला तरी फुटपाथवर झोपणारा ते कच्चं धान्य शिजवणार कशावर? आमच्याकडे आला तरच त्याच्या पाच किलोंचं जेवण होतं. माझ्या मते दोन चुली आणि एक भलं मोठं पातेलं, बेघर माणसासाठी यापेक्षा उपयोगी दान नाही. पण पातेल्यावर कुणाच्या वडलांचं नाव घालता येतं, चुलीच्या गॅसवर येत नाही, म्हणून पातेली तीन आली आणि सिलेंडरचे पैसे दर महिन्याला मागावे लागतात.

संध्याकाळी आणखी दोन गाड्या आल्या, त्यांच्याशीही थोडंफार तेच. रात्री मजूर आले तोवर पुऱ्या चिवट झाल्या होत्या. वडे पुन्हा तळून, चटणीशी संपले. पुऱ्या मात्र चार पराती उरल्या. काकांनी त्या कापडात गुंडाळून ठेवायला लावल्या आणि पहाटे साडेपाचला मला उठवलं. कांदा, मिरची, मोहरी, हळद, मूठभर दाणे, पाण्याचा हबका. पुऱ्यांचा झकास कुस्करा झाला, वर शेव, कारण इंदूर आहे. चौकावर जाणाऱ्या पोरांनी उभ्या उभ्या खाल्ला. घडीत परात रिकामी.

रामबागेच्या सूनबाईंचा फोन बुधवारी आला. गुरुवारी रात्रीची खिचडी आमची, म्हणाल्या, दर गुरुवारी. सासूबाईंना विचारलं का, असं मी विचारलं. "त्यांनीच वार ठरवला. पण त्या म्हणाल्यात, खीर ताजी करून आणली तर चालेल का?" चालेल म्हटलं, साखर बेतानं घाला आणि तासाभरात पोचवा.

वहीत सोमवार आणि मंगळवार अजून कोरे आहेत. गुरुवारी काकू स्वतः येतात, आणि डाळ आधी भाजून घ्यायची की नाही यावर त्यांचं आणि आचारीकाकांचं दर वेळी वाजतं.