आमची वाटचाल : बाटलीकडून पुडीकडे

आम्ही केसांसाठीच्या कोरड्या जिनसांच्या पुड्या भरून विकतो, त्याची ही गोष्ट. माझे माहेर सावंतवाडीजवळचे. तिथे रविवारी न्हायचे म्हणजे आदल्या रात्री शिकेकाईच्या शेंगा भिजत घालायच्या, सकाळी परसातल्या जास्वंदीची पाने चुरून त्यांचा बुळबुळीत रस त्यात मिसळायचा आणि विहिरीच्या पाण्याने केस धुवायचे, असा शिरस्ता होता. लग्नानंतर सोलापूरला आले आणि बोअरच्या जड पाण्याने सहा महिन्यांत माझ्या केसांचा काथ्या झाला. बादलीच्या कडेला जे पांढरे क्षार धरतात तेच केसांवरही धरतात आणि साबण लावला की त्याचा साका होऊन चिकटतो, हे लक्षात यायला मात्र वर्ष गेले.

जास्वंद इथे दारोदार नाही. जवस मात्र चटणीपुरता बहुतेक घरांत असतो. दोन चमचे जवस तीन वाट्या पाण्यात मंद आचेवर ठेवला, की आठ-दहा मिनिटांत पाणी दाट होते आणि चमचा वर उचलल्यावर तार सुटते. त्याच वेळी, गरम असतानाच, ते विरळ फडक्यातून गाळायचे. निवले तर फडक्यातच गोळा होऊन बसते आणि पिळणाऱ्याचे मनगट दुखते. हा रस तांब्याभर पाण्यात पातळ करून धुतलेल्या केसांवरून ओतायचा. तो केसांत ओलावा भरत नाही; तो केसाभोवती पातळ थर धरतो आणि आहे तो ओलावा लवकर उडू देत नाही, एवढेच त्याचे काम. क्षारांसाठी त्याआधी बिनमिठाच्या कोकमसोलांचे सौम्य आंबट पाणी ओतावे. (आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, चालत नाही, त्यात मीठ असते; आणि डाग पडतात म्हणून पांढरा पंचाही वापरू नये.)

शेजारणी मागू लागल्या, तेव्हा सासूबाईंनीच ‘फुकट कशाला देतेस’ म्हणून सुचवले आणि आम्ही जवसाचा रस बाटल्यांत भरून विकायला काढला. पहिल्या पन्नास बाटल्या एप्रिलच्या शेवटी गेल्या. चौथ्या दिवशी एका बाटलीचे झाकण उडाले, आठवड्यात बाकीच्यांना आंबूस वास सुटला, आणि आम्ही घरोघरी जाऊन पैसे परत केले. परिरक्षक, म्हणजे माल टिकवणारे रसायन, घातला की वर्षभर टिकेल, असा सल्ला मिळाला आणि तो चुकीचा नव्हता. पण मग आमच्या मालात आणि दुकानातल्या मालात वेगळे काय राहिले असते? ताज्या रसाला टिकवण्याच्या मागे न लागता तो ज्याच्या त्याच्या घरी, त्या दिवसापुरता व्हावा आणि आपण फक्त कोरडा जिन्नस द्यावा, असे आम्ही ठरवले.

कोरड्या मालाचेही शहाणपण ठेच लागूनच आले. शिकेकाई पहिल्यांदा ज्या कांडप यंत्रावर नेली, तिथे तिच्या धुळीने रांगेतली सगळी माणसे शिंकू लागली आणि आमच्यानंतर दळलेल्या हळदीलाही तिचा कडवटपणा लागला. मालकाने पुन्हा दारात उभे केले नाही. त्यामुळे कर्ज काढून स्वतःचे लहान यंत्र घ्यावे लागले. विक्रीसाठीची केसांची भुकटी कायद्याने सौंदर्यप्रसाधनच ठरते, म्हणून सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे उत्पादन परवाना घेतला आणि प्रत्येक पुडीवर बॅच क्रमांक व तारीख येऊ लागली.

आज आम्ही पाच जणी शिकेकाई, रिठा आणि आवळकाठीची वस्त्रगाळ भुकटी, सावलीत वाळवलेल्या जास्वंदीच्या पानांचा चुरा आणि माहेरून येणारी सोले अशा पुड्या भरतो. जवस अख्खाच देतो, कारण दळला की त्यातले तेल लवकर खवट होते. तो किराणा दुकानात स्वस्त मिळतो, हेही आम्ही सांगतो. त्याने विक्री थोडी कमी होते, पण बाकीच्या पुड्यांसाठी तीच गिऱ्हाइके परत येतात. केस वाढतील किंवा गळती थांबेल असे पुडीवर छापण्याचा आग्रह काही विक्रेत्यांनी धरला. त्यांना आम्ही माल देत नाही.

अजूनही आठवड्याला दोन-तीन फोन एकाच तक्रारीचे येतात. “ताई, फडक्यातून काही खाली उतरतच नाही.” मी विचारते, “निवलं होतं का?” पलीकडे क्षणभर शांतता असते, मग हसू येते. पुढच्या छपाईपासून ‘गरम असतानाच गाळा’ हे वाक्य पुडीच्या दर्शनी बाजूला, आमच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात येणार आहे.