प्रो आमच्या कोर्सवर किती खेळेल?

रविवारी सकाळी गोल्फच्या अठरा होलपैकी नऊ झाले, हाफवेला (मधल्या विश्रांतीच्या जागी) बसलो, समोर ऑम्लेट-पाव आणि चहा आला की आमच्या फोरबॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या ग्रुपमध्ये, एक वाद हमखास निघतो. टीव्हीवर दिसतात ते प्रो, म्हणजे व्यावसायिक गोल्फर, आपल्या या कोर्सवर खेळले तर किती खेळतील, म्हणजे अठरा होल किती शॉटमध्ये संपवतील? आमच्यात एक रिटायर्ड कर्नल आहेत (पुण्यातल्या कुठल्याही फोरबॉलमध्ये एक असतातच), त्यांचा आकडा ठरलेला आहे. पंचावन्न. "अरे सहा हजार दोनशे यार्ड आहे सगळं मिळून, निम्म्या पार-फोरवर ते टीवरूनच ग्रीनवर बॉल टाकतील, पंचावन्न म्हणजे मी जरा जास्तच धरतोय." (पार-फोर म्हणजे चांगल्या खेळाडूने चार शॉटमध्ये संपवावा असा होल, टी म्हणजे होल सुरू करायची जागा, ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत.) मी म्हणतो कर्नलसाहेब, सहासष्ट. मग ते माझ्याकडे असं बघतात की जणू मी त्यांच्या रेजिमेंटबद्दल काहीतरी बोललोय.

माझं हँडिकॅप सतरा, म्हणजे चांगल्या दिवशी पारपेक्षा साधारण सतरा शॉट जास्त, त्यामुळे माझ्या मताला क्लबात फारशी किंमत नाही, म्हणून म्हटलं इथे लिहून टाकू, इथे मला मध्येच कोणी तोडत नाही.

आधी सगळ्यात गंमतीचा पुरावा. जपानमध्ये नागोया गोल्फ क्लबचा वागो कोर्स आहे, दरवर्षी तिथे क्राउन्स नावाची टूर्नामेंट होते. लांबी ६,५४५ यार्ड, पार ७०, म्हणजे आजच्या प्रो गोल्फच्या हिशोबात अगदीच छोटा, आपल्याकडच्या कितीतरी क्लबांच्या मागच्या टीइतकाच. २०१० ला रयो इशिकावा नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने तिथे शेवटच्या दिवशी ५८ मारले. बारा बर्डी (होलवर पारपेक्षा एक शॉट कमी), बोगी (एक शॉट जास्त) एकही नाही. हे ऐकून कर्नलसाहेब टेबलावर हात आपटतात, बघा! पण त्याच पोराने त्याच कोर्सवर त्याच आठवड्यात आधीचे तीन दिवस काय केलं होतं? ६८, ७०, ७१. कोर्स तोच, माणूस तोच, एक दिवस पार प्लस वन आणि दुसऱ्या दिवशी बारा अंडर, म्हणजे पारपेक्षा बारा कमी. आपण लक्षात ठेवतो ५८, आणि ७१ कोणाला आठवतही नाही, कारण ७१ ची बातमी होत नाही.

आता आकडेमोड, कंटाळा आला तर हा भाग सोडा. कोलंबिया युनिव्हर्सिटीचे मार्क ब्रॉडी म्हणून प्रोफेसर आहेत, त्यांनी पीजीए टूरवरच्या (अमेरिकेतली प्रोंची स्पर्धामालिका) लाखो शॉट्सच्या नोंदी घेऊन हिशोब काढला की अमुक अंतरावरून होलमध्ये जायला प्रोला सरासरी किती शॉट लागतात. टीवरून ४०० यार्डचा होल असेल तर ३.९९, म्हणजे जवळजवळ बरोबर चार. ३६० चा असेल तर? आपल्याला वाटतं आता सव्वातीन वगैरे, पण नाही, ३.९२. चाळीस यार्ड कमी केले आणि फायदा किती, तर शॉटच्या शंभर भागांतले सात! अगदी ३०० यार्डचा होल घेतला, जिथे बरेचसे प्रो टीवरून ग्रीनच्या आसपास पोचतात, तरी ३.७१. १६० यार्डच्या पार-थ्रीला २.९९.

मग मी एका रात्री बसून आमच्या कोर्ससारखा एक कोर्स कागदावर बनवला, दहा पार-फोर सरासरी ३६० चे, चार पार-फाइव्ह ४९० चे, चार पार-थ्री १६० चे, बरोबर ६,२०० यार्ड, पार ७२. बेरीज आली साधारण साडेअडुसष्ट. साडेअडुसष्ट! मी दोनदा तपासली, बायकोने विचारलं इन्कम टॅक्सचं काही आहे का. अर्थात हे आकडे टूरवरच्या सेटअपचे आहेत, उंच रफ (फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्याच्या, बाजूचं गवत), कोपऱ्यात ठेवलेले पिन (भोकातले झेंडे), काचेसारखे ग्रीन. शिवाय आकडे काही वर्षांपूर्वीचे, आताची पोरं अजून लांब मारतात. आमच्याकडे रफ म्हणजे गवत थोडं वाढलेलं आणि पिन बहुतेक वेळा मधोमध, त्यामुळे अजून दोनेक शॉट कमी धरा. सहासष्ट. मी काय म्हणत होतो?

असं का होतं ते पटायला मला पण वेळ लागला. ३६० च्या होलवर प्रोने ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) मारला की सत्तर यार्ड उरतात, ठीक. तिथून वेज (जवळच्या शॉटची काठी) मारला की बॉल सरासरी पंधरा-वीस फुटांवर थांबतो. टीव्हीवर नेहमी तीन फुटांवर थांबतो, कारण टीव्हीवाले तेवढेच शॉट दाखवतात. आणि पंधरा फुटांवरून टूरचे प्रो शंभरातले जेमतेम तेवीस पट (ग्रीनवरून भोकात ढकलायचे शॉट) घालतात, वीस फुटांवरून पंधरा. आठ फुटांवरून निम्मे, फक्त निम्मे! म्हणजे कोर्स कितीही छोटा केला तरी शेवटी तो पट घालायचाच आहे, आणि होलचं भोक सगळीकडे सव्वाचार इंचांचंच असतं. उलट आमचे ग्रीन हळू आणि जरा खडबडीत, सकाळी लवकर टी-ऑफ असेल तर दवाने ओले, त्यावर टूरचा माणूस पहिले पाच-सहा होल पट भोकाच्या अलीकडेच ठेवेल असा माझा अंदाज आहे. (पूर्वी छावण्यांतल्या काही कोर्सवर तर ग्रीनच नसायचे, वाळू आणि तेलाचे "ब्राउन" असायचे. त्यावर एखाद्या मोठी स्पर्धा जिंकलेल्या प्रोला खेळताना बघायला मी पैसे देईन.)

आपल्या देशातलं उदाहरण पाहिजे तर दिल्ली गोल्फ क्लब. तो काही साधा क्लब नाही हे मान्य, मेंबरशिपच्या वेटिंग लिस्टमध्ये माणूस म्हातारा होतो, पण आहे तो मेंबरांचा कोर्स, सात हजार यार्डांच्या आत, दोन्ही बाजूंना झाडी-झुडुपं, मध्येच जुने मकबरे, मोर फिरतायत. २०१५ ला इंडियन ओपन तिथे झाली, अनिर्बन लाहिरी (जन्म पुण्याचा हं, आम्ही हे सांगितल्याशिवाय राहत नाही) जिंकला, चार दिवसांचा स्कोअर २७७, म्हणजे सात अंडर, आणि एसएसपी चौरासिया या दुसऱ्या भारतीय प्रोबरोबर प्लेऑफ (बरोबरी झाल्यावरचे जादा होल) खेळून. पुढच्या वर्षी चौरासिया जिंकला पंधरा अंडरने. मग मध्ये कोर्स बदलला, आणि ऑक्टोबर २०२५ ला डीपी वर्ल्ड टूर (युरोपची प्रोंची स्पर्धामालिका) तिथे आली, रोरी मॅकिलरॉय आला, टॉमी फ्लीटवुड आला, शेन लोरी आला. रोरीने आल्या आल्या सांगितलं की या आठवड्यात ड्रायव्हर मारायचाच नाही, इतकं अरुंद आहे. जगातल्या सगळ्यात लांब आणि सरळ ड्रायव्हर मारणाऱ्यांपैकी एक माणूस, आणि तो म्हणतो नको बाबा. फ्लीटवुड जिंकला बावीस अंडरने, २६६. भागिले चार करा, साडेसहासष्ट. आणि हा जिंकणाऱ्याचा आकडा आहे, आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या आठवड्यांपैकी एक. रोरी अकरा अंडर राहिला, म्हणजे दिवसाला सव्वाएकोणसत्तर.

लांबी कमी असणं म्हणजे सोपं असणं नव्हे, एवढंच माझं म्हणणं आहे. छोट्या जुन्या कोर्सवर प्रोचं सगळ्यात मोठं हत्यार, ते तीनशे यार्ड, बॅगेतच राहतं. आमच्या चौथ्या होलचंच घ्या ना, ३१० यार्ड, डावीकडे भिंत आणि भिंतीपलीकडे ओबी, म्हणजे हद्दीबाहेर, उजवीकडे नाला. कर्नलसाहेबांच्या हिशोबात तिथे रोज ईगल (पारपेक्षा दोन कमी).

तर गेल्या वर्षी झालं असं की आमच्याकडे एक प्रो-ॲम (प्रो आणि आमच्यासारखे हौशी एकत्र खेळतात ते) होतं आणि माझ्या ग्रुपला भारतीय टूरवर खेळणारा एक तरुण प्रो आला. मी मनात म्हटलं आता काय तो निकाल लागेल. चौथ्या टीवर आलो, मी त्याच्याआधी ड्रायव्हर काढून मारला (नाल्यात, विचारू नका), आणि त्याने काढला चार नंबर आयर्न, ड्रायव्हरपेक्षा कमी लांब जाणारी काठी. मला राहवलं नाही, विचारलंच, का रे बाबा, तुझा तर पोचतो ना? तो हसून म्हणाला, सर, पोचला तर एखादा शॉट वाचेल, भिंतीपलीकडे गेला तर दोन जातील. आयर्न, वेज, अठरा फुटांवरून दोन पट, पार, चला पुढे. मला खरं सांगायचं तर कंटाळाच आला त्याचा खेळ बघून. टाळ्या वाजवाव्यात असे शॉट अख्ख्या राउंडमध्ये चार-पाच असतील. बाकी नुसतं फेअरवे, ग्रीन, पट, फेअरवे, ग्रीन, पट. माझा कॅडी, जो मला पंधरा वर्षं सहन करतोय, तो बाराव्या होलवर हळूच म्हणाला, "साहेब, ह्याच्या मागं पळायला लागत नाही." म्हणजे बॉल शोधायला. मला वाटतं त्या दिवशी सगळ्यात खोल निरीक्षण त्याचंच होतं.

सात बर्डी, एक बोगी. सहासष्ट.

बर्डींमधल्या तीन पार-फाइव्हवर, दोनात ग्रीन आणि दोन पट, त्यात काही जादू नाही. जादू त्या एका बोगीत होती. त्याचाही एक शॉट वाईट गेला होता, तेराव्यावर हूक मारला, झाडाखाली, बॉल मुळांमध्ये. मी तिथे असतो तर झाडांच्या फटीतून ग्रीनवर मारायला गेलो असतो, खोडाला लागून मागे आला असता, मग पुन्हा तेच, मग चिडून बंकरमध्ये, आणि शेवटी कार्डावर आठ लिहून कॅडीकडे रागाने बघितलं असतं. त्याने आडवा चिप करून बॉल फेअरवेवर काढला, वेज ग्रीनवर, दोन पट, पाच. मी त्या दिवशी ९१ खेळलो, पाच डबल बोगी आणि एका पार-फाइव्हवर तसंच एक आठ. पार पण होते की माझे चार, आणि एक बर्डीसुद्धा, सहाव्यावर, लांबचा पट, कर्नलसाहेब साक्षीदार आहेत.

उलट्या बाजूने, म्हणजे साधा माणूस प्रोंच्या कोर्सवर किती खेळेल, हा प्रश्न अमेरिकेत एकदा खराच निघाला होता. २००७ ला ओकमॉन्टला यूएस ओपनच्या वेळी टायगर वुड्स म्हणाला की दहा हँडिकॅपवाला माणूस इथे शंभराच्या आत येणार नाही. त्यावरून पुढच्या वर्षी टोरी पाइन्स या कोर्सवर यूएस ओपनच्या सेटअपवर काही लोकांना प्रत्यक्ष खेळवलं. अमेरिकन फुटबॉलवाला टोनी रोमो ८४, गायक जस्टिन टिंबरलेक ९८, टीव्हीवाला मॅट लॉअर बरोबर १००, आणि स्पर्धेतून निवडलेला एक सामान्य गोल्फर ११४. कोर्स अवघड केला की आपण पंधरा-वीस शॉटने वर जातो, पण कोर्स सोपा केला की ते पंधरा-वीसने खाली येत नाहीत, चार-पाचनेच येतात. कारण खाली जायला जागाच नाही हो, अठरा होल आहेत, प्रत्येकावर टी शॉट आहे आणि बहुतेकांवर दोन पट.

हँडिकॅपवरून पण लोक गोंधळतात. कोणीतरी वाचतं की टूर प्रो म्हणजे हँडिकॅप प्लस सहा, म्हणजे सहा शॉट कमी, मग हिशोब करतात, आपल्या कोर्सचं रेटिंग (शून्य हँडिकॅपवाल्याचा अपेक्षित स्कोअर) सत्तरच्या खाली, म्हणजे दररोज ६३! पण हँडिकॅप सरासरीवर निघतच नाही, शेवटच्या वीस राउंडमधले चांगले आठ घेतात. बाकीचे बारा गुपचूप बाजूला. माझं सतरा हँडिकॅप पण तसंच आहे, मी दर रविवारी सतराने खेळत असतो तर हाफवेचं बिल मी दिलं असतं का?

प्रो-ॲमनंतर मी ते कार्ड फोटो काढून ग्रुपवर टाकलं. कर्नलसाहेबांनी दोन दिवसांनी उत्तर दिलं. "हा टीव्हीवर कुठे दिसतो? टीव्हीवरचा आण, मग बोलू." पैज ऑम्लेटची होती, अजून मिळालेलं नाही. येत्या रविवारी सहा-चाळीसची टी आहे, आणि त्यांनी आता आकडा बदलून सत्तावन्न केलाय.