आबांचं दुसरं पत्र

यंदा १६ डिसेंबरला आमच्या माजी सैनिक मंडळाचा मेळावा कोरेगावात झाला. सुभेदार आबांशिवायचा हा पहिलाच. श्रावणात आबा गेले, तेव्हापासून मी या संध्याकाळची धास्ती घेऊन होते.

मी स्वतः फौजेतली नाही. यजमान हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मी शाळेतून, तेव्हापासून मेळाव्याचं सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. पण आबांशी आमचं नातं त्याहून जुनं. आमच्या गल्लीत घरटी एक माणूस फौजेत होता. बायकांपैकी बहुतेकींना लिहिता येत नसे. माझी आई शाळेत शिक्षिका, त्यामुळे संध्याकाळी आमच्या ओसरीवर पत्रं सांगायला रांग लागायची. आबांची पत्नी, म्हणजे आमच्या काकू, त्याही त्याच रांगेतल्या.

मेळावा सुरू होतो तो नेहमीसारखाच. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शहिदांना मानवंदना, नारळ-शाल, अहवालवाचन. पेन्शनच्या अडचणी, कँटीनचं कार्ड, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतली औषधं यांवर जिल्हा सैनिक कार्यालयातून कुणी आलं तर दोन शब्द. हे सगळं करावंच लागतं आणि आम्ही ते नीट करतो. अपशिंगे मिलिटरीहून दरवर्षी दोन-तीन मंडळी आवर्जून येतात. त्या एका गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जण गमावले. तिथली म्हातारी माणसं पहिल्या रांगेत येऊन बसली की सभागृहाचा आवाज आपोआप खाली येतो.

मी मात्र वाट बघायची ती आबांच्या दहा मिनिटांची. आबा उठायचे, कोटावरचं 'पूर्वी स्टार' पदक सरळ करायचे, माईकची मान दोन्ही हातांनी वर ओढायचे (माणूस सहा फुटी) आणि सुरुवात ठरलेली, "बसा. मी काय भाषण करणार न्हाई."

आबा जंगी पलटणीतले, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. बेळगावच्या सेंटरला भरती झाले तेव्हा अठराचे होते. १९७१ च्या युद्धात नाईकच्या हुद्द्यावर. डिसेंबरच्या सुरुवातीला पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या, जमालपूरच्या पाठीमागे जाऊन बसली. नदी कशी होती ते सांगताना ते म्हणायचे, "आपली कृष्णा माहुलीला बघता न्हवं? तशा धा कृष्णा शेजारी शेजारी ठेवा." जमालपूरचा दुश्मन कोंडला गेला होता. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी त्यांना शरण या म्हणून चिठ्ठी धाडली. ती घेऊन गेला मुक्तिबाहिनीचा, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यसैनिकांपैकी, एक माणूस. त्याला तिकडे मार पडला, पण उत्तर देऊन परत पाठवलं. ३१ बलुच या पाकिस्तानी पलटणीच्या कर्नल सुलतान मेहमूदचं उत्तर होतं, लढायला या. आणि त्या कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळलेली.

"आम्ही जवानांनी काय ते पत्र बघितलं न्हाई," आबा सांगायचे. "पर पलटणीत असली बातमी ऱ्हाती व्हय? खंदकाखंदकातनं फिरली. कागदात गोळी आलीया म्हणून."

दुसऱ्या रात्री जमालपूरची फौज कोंडी फोडून बाहेर पडायला निघाली आणि थेट जंगी पलटणीवर आली. पलटणीचे प्रमुख कर्नल ब्रार साहेब, त्यांची माणसं रस्ता धरून बसली होती. पहाटेपर्यंत लढाई चालली, ११ तारखेला जमालपूर पडलं. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात पाकिस्तानी सेनापती नियाझीने शरणागतीवर सही केली. हे मला ठाऊक आहे ते वाचून आणि इतरांकडून ऐकून. आबा त्या रात्रीपाशी आले की थांबायचे. "ती रात मी सांगत न्हाई," एवढंच म्हणायचे. सभागृहात पोरंटोरं असत, त्यांना नेमकं तेच ऐकायचं असे. कॉलेजातल्या एका मुलाने एकदा खालून विचारलंही, "आबा, तुम्ही किती मारले?" आबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाळा, दुसऱ्या पत्राचं ऐक."

दुसरं पत्र जानेवारीत आलं. निळं इनलँड, वर ९९ एपीओ हा फौजी टपालाचा पत्ता. त्या दिवाळीत आबांना मुलगी झाली होती, हे त्यांना त्या पत्रानेच कळलं. घरून धाडलेली आधीची दोन पत्रं लढाईच्या गोंधळात कुठं गेली कोण जाणे. हे पत्र माझ्या आईने लिहिलं आणि ते लिहिताना मी तिथे होते. वय वर्षं सहा, दौत धरून बसलेली. मजकूर सांगून झाल्यावर काकू म्हणाल्या, "बाई, पोरीचा पाय काढा की कागदावर." आईने बाळाचा पाय कागदावर टेकवून पेन्सिल फिरवली. टाचेपाशी आली आणि पोरीने लाथ मारली. तिथे रेघ बाहेर उडाली आहे. आई दुसऱ्या कागदावर पुन्हा काढणार होती, पण काकूंनी अडवलं. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. वळवळती म्हणून कळंल त्यास्नी."

आबा हे सांगताना उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी फाकवायचे. "एवढा पाय." दरवर्षी तेवढंच अंतर, ना कमी ना जास्त. आणि तिसऱ्या रांगेत बसलेली त्यांची लेक, जिच्या स्वतःच्या लेकी आता नोकरीला लागल्या, ती मान खाली घालायची. इतक्या वर्षांत ते दोन बोटांमधलं अंतर बघून माझ्या घशाशी आवंढा आला नाही असं एकदाही झालं नाही. आबांनी त्या दोन पत्रांची तुलना कधी केली नाही. एक सांगायचे, मग दुसरं सांगायचे, आणि "जयहिंद" म्हणून खाली उतरायचे.

घरी हा माणूस कसा होता ते गल्लीने पाहिलं. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर तेरा वर्षं बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले, तीन पोरांची शिक्षणं त्या दुहेरी पगारावर झाली. पहाटे पाचला उठून पहिला चहा काकूंना. काकूंचे गुडघे धरले तेव्हापासून भाकरीही आबाच थापायचे आणि पाहुणे आले म्हणून कधी लाजले नाहीत. घरातली वाकळ घडी करून ठेवलेली असे ती चारही कोपरे जुळवून, बॅरेकमधल्यासारखी. लेकीला सातारच्या कॉलेजात घातलं तेव्हा भावकीतल्या एकाने तोंड वाकडं केलं. आबांनी त्याच्याशी भांडण केलं नाही, फक्त लेकीला सकाळच्या एसटीत बसवून द्यायला चार वर्षं रोज स्टँडवर गेले.

आणि भरतीची पोरं. शाळेच्या मैदानावर सोळाशे मीटर धावणं, बीमला लोंबकळून पुलअप्स, नऊ फुटी खड्ड्यावरून उडी. आबा हातात घड्याळ धरून उभे. तीसेक पोरं त्यांच्या हाताखालून फौजेत गेली. मला इथे बोलल्यावाचून राहवत नाही. जी नोकरीवर आहेत त्यांचं समजू शकते. पण सुट्टीवर आलेली, गावातच असलेली, गाडी घेऊन फिरणारी पोरं आबांच्या हयातीत मेळाव्याला जेवणाच्या वेळी यायची आणि भाषण बाहेर उभं राहून टाळायची, याचं मला फार वाईट वाटत आलं आहे. कराडला १९९८ पासून विजय दिवस मोठ्या थाटात होतो, लष्कराची प्रात्यक्षिकं असतात. तिथे जायलाच हवं, आम्हीही गेलो आहोत. पण संध्याकाळी परत येता येतं. एका वर्षी निवडणुकीच्या धामधुमीत सभागृहात एकवीस माणसं होती. मी मोजली होती. एका वर्षी प्रमुख पाहुणे सव्वादोन तास उशिरा आले आणि ऐंशीच्या घरातली माणसं थंडीत ताटकळली. त्या एकवीस जणांपुढे आबा तितकेच बोलले जितके भरल्या सभागृहापुढे बोलायचे.

यंदा मात्र सभागृह भरलं, आणि त्यामागे राबलेल्यांची नोंद झालीच पाहिजे. मंडपवाल्यांनी खुर्च्यांचं भाडं घेतलं नाही. साउंडवाला पोरगा दुपारपासून वायरी ओढत होता, जेवला नव्हता हे मला रात्री कळलं. शाळेच्या शिपाईमामांनी रविवारची सुट्टी सोडून आदल्या आठवड्यात सभागृह धुवून काढलं. औषधांच्या दुकानदारांनी पत्रिकांचा खर्च उचलला. फोटो मोठा करून देणारे स्टुडिओवाले, साताऱ्याहून हार आणणारे कंडक्टर भाऊ, रांगोळी काढणाऱ्या सातवीच्या तिघी, पाण्याचे जार पोचवणारा टेम्पोवाला. घेवड्याची आमटी आणि भात दोनशे माणसांना पुरवणाऱ्या गल्लीतल्या सगळ्या जणी. त्यात कोपऱ्यावरच्या आजी, ज्यांनी बसल्या जागी चार किलो घेवडा निवडला. बिगुल वाजवणारे निवृत्त नाईक, ज्यांना खोकला असूनही त्यांनी शहिदांसाठीची 'लास्ट पोस्ट' ही धून पूर्ण केली. रात्री भांडी घासायला थांबलेली दोन मुलं, त्यांची नावं विचारायची राहिली. मी ती शोधून काढणार आहे. आणखी कुणी राहिलं असेल तर मला घरी येऊन सांगा, पुढच्या अहवालात घालते.

कार्यक्रमात एक चूक माझ्याकडून झाली. अहवाल संपला आणि सवयीने मी म्हणून गेले, "आता आबांना विनंती करते..." सभागृह गप्प झालं. माझ्या हातातला कागद हलत होता, पुढची ओळ दिसेना. तेव्हा तिसऱ्या रांगेतून लेक उठली. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं ते इनलँड होतं. घड्यांवर कागद विरला आहे, पेन्सिल फिकी पडली आहे, पण टाचेपाशी उडालेली रेघ स्पष्ट दिसते. तिने माझ्या आईच्या अक्षरातलं पत्र वाचलं. "ति. स्व. यांस, इकडील सर्व खुशाल. तुमची खुशाली कळवणे. मुलगी झाली. रंग तुमच्यावर गेला आहे. म्हैस व्याली." एवढ्यावर तिला पुढे वाचता येईना. मग ते पत्र पहिल्या रांगेतून हातोहात फिरलं. अपशिंग्याच्या एका आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून त्या पायाला हात लावला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावला.

जेवणं उरकली, सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली तरी काकू जागेवर बसून होत्या. पत्र परत आल्यावर त्यांनी ते आपल्या हाताने जुन्या घड्यांवरच मिटलं, पिशवीत घातलं, पिशवी कमरेला खोचली. रिक्षा आली होती. मी हात द्यायला गेले तर त्या स्टेजकडे बघत होत्या, आबांच्या उंचीला ठेवलेल्या माईककडे.

"पुढल्या साली त्यो जरा खाली घ्या," त्या म्हणाल्या. "मला पोचायचा न्हाई."