मोत माउलीकडे, चालत

शनिवारी रात्री दहाला ठाण्यात तलावपाळीच्या सेंट जॉन चर्चसमोरून आम्ही चौघी निघालो. वांद्र्याच्या मोत माउलीपर्यंत, म्हणजे माउंट मेरीच्या चर्चपर्यंत, पंचवीसेक किलोमीटर. माउलीचा, येशूच्या आईचा, जन्मदिवस ८ सप्टेंबरचा, त्यानंतरच्या रविवारी जत्रा लागते. पहाटे पोचून पहिली मिस्सा, चर्चमधली उपासना, गाठायची होती.

तीन हात नाक्यावर वहिनी थांबली. दोन वर्षांपूर्वी इथेच एका दारू प्यालेल्या ड्रायव्हरने दादाच्या स्कूटरला उडवलं होतं. दादाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डिव्हायडरकडे बघत वहिनी म्हणाली, "देवाला त्या माणसाचा हात धरता आला नसता का गं?"

हॉस्पिटलात मीही फादरना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलंय, दिलेलं तो हिसकावून घेत नाही. तेव्हा ते शब्द मला कोरडे वाटले. पाय गेला होता दादाचा, आणि स्वातंत्र्य त्या दारूड्याचं!

मुलुंड चेक नाका ओलांडून एलबीएस रस्त्याला लागलो आणि रोझरी, माळेवरची प्रार्थना, सुरू केली. शनिवार, म्हणून आनंदाची रहस्यं, येशूच्या जन्माचे आणि बालपणाचे प्रसंग. पहिलंच देवदूताच्या निरोपाचं: मरिये, तुझ्या पोटी येशू जन्मेल. आजवर हजारदा म्हटलं असेल, पण भांडुपच्या त्या ओल्या फुटपाथवर मी अडखळले. देवदूत निरोप सांगतो आणि उत्तरासाठी थांबतो. जगाचं तारण एका खेड्यातल्या मुलीच्या तोंडाकडे बघत उभं आहे. "मी प्रभूची दासी आहे, आपण सांगितल्याप्रमाणे मला होवो," असं ती म्हणते, तेव्हाच पुढचं घडतं. जो तिच्यावरही जबरदस्ती करत नाही, तो ड्रायव्हरचं स्टिअरिंग कसं ओढून घेईल? आणि माझ्या मनातला राग तरी कसा ओढून काढेल?

क्षमा करावी असं वाटणं, हेसुद्धा कृपेचंच देणं आहे. कृपा नेहमी आधी येते. तिला होकार द्यायचा की तिला परतवायचं, हे मात्र आपल्या हाती. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये हेच सांगितलं. संत ऑगस्टिनने तर फार आधी म्हटलंय, ज्याने तुला तुझ्याशिवाय घडवलं, तो तुला तुझ्याशिवाय नीतिमान ठरवणार नाही. दादाचाच पाय का, याचं उत्तर यात नाही. ते मला अजून मिळालेलं नाही, आणि कोणी घाईने द्यायला आलं तर मला राग येतो.

घाटकोपरला चहा, कुर्ल्याला वहिनीच्या टाचेला फोड. माउलीच्या मूर्तीचा उजवा हात १७०० साली चाच्यांनी तोडला असं सांगतात. शेवटच्या चढावर लंगडत वहिनी एवढंच म्हणाली, "तिचाही हात वाचवला नाही त्याने."

वर स्टॉलवर माउलीला वाहायचे नवसाचे मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मांडलेली. वहिनीने पाय घेतला. मी एक साधी मेणबत्ती घेतली.

"ही कोणाची?"

"त्या ड्रायव्हरची."

ती गप्प झाली. मेणबत्ती लावताना समुद्राचा वारा टिकू देईना. माझ्या तीन काड्या फुकट गेल्या. मग वहिनीने मेणाचा पाय काखेत धरला आणि दोन्ही हातांनी ओढणीचा आडोसा केला.